आरसा मी फिरवलाच नव्हता

बायको गेली, तिलाही हे सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

सत्तरच्या सुमाराला वरव्याजवळच्या एका कारखान्यात मी तपासनीस होतो. वेधशाळेच्या दुर्बिणींचे मोठाले आरसे तिथं घासून तयार व्हायचे. घासायचे बाबूराव, कामथडीचे. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. आरसा तपासायचं यंत्र बिनचूक आहे ना ते आधी बघायचं, मग आरसा पास-नापास करायचा — एवढंच माझं काम.

स्वभाव माझा संशयी. यंत्राला कुणीतरी हात लावतंय, असं डोक्यात बसलं. कोण? बाबूरावच, दुसरं कोण! म्हणून यंत्रातल्या छोट्या आरशाचे स्क्रू मी करकचून आवळले. म्हटलं, हलवा आता.

त्याच आठवड्यात बाबूरावांचा सगळ्यात मोठा आरसा तपासायला आला. वर्षभराची मेहनत. यंत्रात दिसणारी त्याची सावली वाकडी पडली — म्हणजे कुठंतरी दोष. आमचा नियम साधा — आरसा पाव फेरा फिरवायचा. दोष त्याच्याबरोबर फिरला तर आरशाचा. जागीच राहिला तर यंत्राचा. पण फिरवायला चार माणसं लागायची — आणि मला खात्री हवीच कुठं होती? मला माणूस सापडला होता.

बाबूरावांनी एवढंच विचारलं, "साहेब, फिरवून बघितला का? माजा हात असा न्हाई जायचा."

"बघितला," मी म्हणालो.

मालकांनी त्यांना काढून टाकलं.

महिन्याभरानं मी आरसा फिरवला. सावली जागची हलली नाही. स्क्रू सैल केले — सावली सरळ झाली; माझ्या आवळण्यानंच यंत्रातला छोटा आरसा वाकला होता. आरसा पहिल्यापासून निर्दोष होता! घाबरलो. नव्या कारागिराला दोन दिवस वरवर पॉलिश करू दिलं आणि पास केला. पुढं कुणी यंत्राकडे नुसतं पाहिलं तरी मला घाम फुटायचा. चोराच्या मनात चांदणं.

दोनेक वर्षांनी बाबूराव नसरापूरच्या एसटी थांब्यावर भेटले. मार्गासनीला लेकीकडं राहून दुसऱ्याच्या रानात राबत होते.

"आरसा दुरुस्त झाला म्हनं," ते म्हणाले. "म्हंजी हात माजाच चुकला. म्या मातुर लई दिस तुमच्यावरच संशय घेतला, साहेब. माफ करा."

आणि मी — मी त्यांना माफ केलं.