एकादशीची सोनोग्राफी

मी उपाशीपोटी सोनोग्राफीला गेलो होतो, दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी खाऊन.

हसू नका! एकादशी होती. उजव्या बरगडीखाली दुखायचं, म्हणून डॉक्टरांना पित्ताशयात खडा असल्याची शंका आली होती. खडा निघाला तर ऑपरेशन! आठवडाभर मी आमच्या सिंगापूरमधल्या, सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये येरझाऱ्या घालत होतो. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, सहा तास काहीही खायचं नाही.

"अहो, मग खिचडी?" वैशालीने, म्हणजे बायकोने, विचारलं.

"एकादशीची खिचडी म्हणजे काय खाणं झालं? घाल अजून तूप!"

(वर बटाट्याची भाजी आणि दोन केळी. उपास कडक होता!)

क्लिनिकमधल्या, सोनोग्राफी करणाऱ्या चिनी बाईंनी विचारलं, "अंकल, फास्टिंग?"

"फुल फास्टिंग!" मी ठणकावलं.

पोटावर गार जेल आलं. जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत माझं कामच हे. पाइपाला जेल लावायचं, प्रोब टेकवायचा, परत आलेल्या प्रतिध्वनीवरून आतला दोष सांगायचा. त्यामुळे मी मान वाकडी करून स्क्रीनकडे बघू लागलो.

"अंकल, हलू नका."

हललो नाही. फक्त उठून बसलो! कारण स्क्रीनवर पांढराशुभ्र ठिपका होता आणि त्याच्यामागे काळी सावली.

"खडा! केवढा मोठा!" मी ओरडलो. वैशाली बाहेरून धावत आली. "आईला इतक्यात कळवू नकोस," मी खोल गेलेल्या आवाजात म्हणालो.

बाईंनी मला कुशीवर वळवलं, प्रोब दाबला. ठिपका चक्क पळाला!

"खडा नाही लाह!" बाई खास सिंगापुरी ढंगात म्हणाल्या. "आतड्यातला गॅस. आवाज गॅसवरूनच परत फिरतो, मागचं काही दिसत नाही. आणि पित्ताशय पार आक्रसलंय, खाल्ल्यावर होतं तसं. काय खाल्लंत?"

मी छताकडे पाहू लागलो.

"खिचडी," वैशालीने सांगून टाकलं. "तूप, बटाटा, दोन केळी."

"आणि हे फास्टिंग?"

दुसऱ्या दिवशीची वेळ देताना बाईंनी कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'नो फूड. फास्टिंग फूड ऑल्सो कॅनॉट.'

द्वादशीला सगळे उपास सोडतात, मी धरला. (आयुष्यात पहिल्यांदा खरा!) सकाळभर जीव टांगणीला लागला होता. स्क्रीनवर पित्ताशय स्वच्छ दिसलं, खडाबिडा काही नाही! मला तर रडूच आलं.

वीस वर्षं मी पोलादी पाइपांच्या पोटातलं अचूक ओळखतोय. स्वतःच्या पोटातली खिचडी तेवढी ओळखता आली नाही!