दिवाळीनंतर बघू, असं मी म्हणाले होते

फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत लेकरांना खिचडी वाढत होते. पलीकडून चुलतभाऊ एवढंच म्हणाला, "ताई, निघ. गजू गेला." शिरड शहापूरहून, माझ्या सासरहून, हिंगोलीच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. दिवाळीला नऊ दिवस उरले होते, एवढं मात्र सारखं डोक्यात येत होतं.

गजानन माझा धाकटा भाऊ. तेवीस वर्षांचा. माहेर आमचं साखऱ्याचं. वडील लवकर गेले, आईनं कोरडवाहू शेतीवर दोघांना वाढवलं. गजू पुण्याला इंडस्ट्रियल डिझाइन शिकत होता. गावात कुणी विचारलं की सांगायचा, "वस्तू माणसाला तकलीफ कुठं देते ते बघायचं, आन् वस्तू बदलायची." पहिल्या वर्षी तो सुट्टीला आला ते दिवस हळद शिजवायचे होते. हळदीच्या मोठ्या लोखंडी कुकरचं झाकण उघडताना वाफेनं आईचा हात पोळला. आम्ही मलम शोधत होतो आणि हा झाकणापाशी उकिडवा बसलेला. आईला राग आला, "माजा हात बघ की, झाकण काय बघतूस!" चार दिवसांनी त्यानं गावातल्या वेल्डरकडून नवं झाकण करून आणलं. लांब दांड्याचं, वाफ पलीकडं सोडणारं. कॉलेजात त्याला त्याच कामावर शाबासकी मिळाली.

तिसऱ्या वर्षी त्याचे पाय सुजायला लागले. उलट्या होऊ लागल्या. तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही किडन्या जवळपास संपल्या होत्या. कॉलेज सुटलं, हिंगोलीत डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. तिथंही त्याची वही बंद झाली नाही. शेजारच्या खाटेवर नरसीचे एक काका असायचे, प्रसादाचं दुकान चालवणारे. डायलिसिसची सुई टोचलेला हात हलू नये म्हणून ते चार तास दगडासारखे पडून राहत. गजूनं त्यांच्यासाठी फोम आणि आईच्या जुन्या लुगड्याची, हात अलगद धरून ठेवणारी गादी शिवून घेतली. पुढं सगळा वॉर्ड ती मागू लागला.

पण खरा छळ होता तहानेचा. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, आणि आमच्याकडचा उन्हाळा… दिवसभराचं पाणी सकाळीच संपून जायचं. एकदा मी माहेरी गेले तर गजू रांजणाला गाल लावून बसलेला. रांजणाच्या पाझरलेल्या, ओल्या अंगावर ओठ टेकलेले, डोळे मिटलेले. मी पाऊल न वाजवता मागं सरले. त्याच आठवड्यात त्यानं घोटाघोटानं पाणी देणारा पेला करायला घेतला. पहिला पेला काकांनी परत केला. "पोरा, घोट संपला की रडू येऊन राहिलं. घोट मोठा वाटला पायजे." मग त्यानं पेल्याची चोच अरुंद केली, पाणी जिभेवर पसरेल अशी वाकवली. प्रत्येक पेला आधी स्वतःच्या तहानेवर तपासला. कितवा तरी पेला काकांनी ठेवून घेतला, तेव्हा त्याचा चेहरा लहानपणासारखा झाला होता.

डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणी एक किडनी दिली तर तो यातून सुटेल. आईला साखरेचा आजार, तिची किडनी चालणार नव्हती. राहिले मी. गणपतीत तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "जुळतंय. लवकर करा." परतीच्या बसमध्ये गजू खिडकीबाहेर बघत होता. माझी मुलगी चार वर्षांची. सासूबाई तिला मांडीवर घेऊन बसल्या, हे म्हणाले, "तू ठरव." कुणी मला अडवलं नाही, हे इथं लिहिलंच पाहिजे. मीच भ्याले. ऑपरेशनच्या टेबलावरून उठलेच नाही तर, हा एकच विचार मला जेवू देईना. आईला मी सांगितलं, रिपोर्ट यायचाय. दर वेळी ती विचारायची, दर वेळी मी तेच सांगायचे. गजू ऐकायचा आणि मान खाली घालायचा.

त्यानं एकदाच विचारलं. "ताई, भ्याव वाटून राहिलं का?"

"न्हाई रे. दिवाळीनंतर बघू."

"बरं," तो म्हणाला. पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही.

डायलिसिससाठी गजूच्या मानेत बसवलेल्या नळीतून जंतू रक्तात गेले. थंडी वाजून ताप आला आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं.

तेराव्यानंतर आई म्हणाली, त्याची खोली आवरून घे. टेबलावर वर्तमानपत्राखाली एक रुंद सुती पट्टा होता. डाव्या बाजूला मऊ गादी शिवलेली, पुढं हातात धरायला दोन कापडी मुठी. सोबत त्याच्या अक्षरात चिठ्ठी : 'किडनी देणाऱ्यासाठी. खोकताना, उठताना जखमेला आधार. माप : ताई.' मी पट्टा कमरेला लावून बघितला. बराबर बसला. माप त्यानं कधी घेतलं, कुणास ठाऊक. मी त्याला काहीच नक्की सांगितलं नव्हतं आणि तो माझ्या जखमेची तयारी करत होता.

दारात आई उभी होती. "हे काय हाय गं?"

मी सांगितलं. तिनं चिठ्ठी हातात घेतली. तिला वाचता येत नाही, तरी बराच वेळ बघत राहिली.

"पण तुजा रिपोट तर आलाच न्हवता ना?"

"आला होता, आई. गणपतीतच. जुळलं होतं."

तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती जवळ आली, माझ्या कमरेचा पट्टा सोडला, घडी केली आणि टेबलावर ठेवला. मला हाताला धरून बाहेर आणलं आणि दाराला कुलूप लावलं. किल्ली तिच्या कमरेला असते. मी साखऱ्याला जाते. आई चहा देते, नातीला जवळ घेते, पिकापाण्याचं बोलते. खोली ती रोज सकाळी उघडते, झाडते, असं चुलतभाऊ सांगतो. मी तिथं असले की उघडत नाही.