चिटगुप्प्याहून दक्षिण ध्रुवाकडे

दक्षिण ध्रुवावर डोळे मिटून जाऊन येईल असा माणूस अख्ख्या बिदर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामांनी आयुष्यात बर्फ पाहिला तो फक्त रसवंतीवर, भुशात गुंडाळलेला. चिटगुप्प्याच्या बाजारात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. शेतकरी तुरीचं बी मागायला येतो आणि बर्फात अडकलेलं जहाज कसं कडाकडा मोडलं, ते ऐकून बी न घेताच घरी जातो. तरी दुकान चालतं, कारण राहिलेलं बी न्यायला तो दुसऱ्या दिवशी येतो आणि येताना ऐकायला शेजाऱ्यालाही घेऊन येतो.

हे वेड लागलं रद्दीमुळे. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीत एक जुनं, चित्रांचं इंग्रजी पुस्तक निघालं. मामांचं लक्ष जाईपर्यंत त्याची शेवटची पानं मेथीच्या बियांबरोबर गावोगाव पोचली होती. उरलेलं पुस्तक त्यांनी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून काढलं. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या एका कप्तानाचं जहाज बर्फानं चिरडलं, माणसं उघड्यावर आली, आणि पानं संपली. पुढची तीन वर्षं ती माणसं मामांच्या डोक्यात तशीच बर्फावर बसून होती. जेवताना हातातला घास हातातच ठेवून मामा म्हणायचे, "काय खायलेत की बिचारे!" मामी म्हणायच्या, "त्ये त्यांचं बघतील. तुमी जेवा की." शेवटी बियाण्याच्याच कामाला कलबुर्गीला गेले असताना त्यांना तिथल्या वाचनालयात सबंध पुस्तक सापडलं. संध्याकाळच्या बसनं परत आले ते दोन किलो पेढे घेऊनच, आणि दुकानोदुकान वाटत सुटले. "सगळे सुखरूप आले! एकबी मेला न्हाई!" बाजाराला वाटलं, यांचं कुणीतरी श्रीशैलच्या यात्रेत अडकलं असणार. शेजारच्या कापडवाल्या अण्णांनी पेढा तोंडात टाकून आपुलकीनं विचारलं, "कवा आले?"

"शंभर वर्षं झाली," मामा म्हणाले.

मामांचं घर बसवण्णांना मानणारं. अंड्याचा गाडा दिसला की मामा रस्ता ओलांडून पलीकडून जातात. आणि त्यांच्या वीरपुरुषांनी तर सील खाल्ले, पेंग्विन खाल्ले, वेळ आली तेव्हा बर्फावरची गाडी ओढणारे कुत्रेही खाल्ले. मी एकदा मुद्दाम तिथंच डिवचलं. मामा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, त्यांच्यापाशी जोंधळा असता तर कशाला खाल्ले असते?" ध्रुवावर पोचून परतताना वाटेतच गेलेल्या दुसऱ्या एका कप्तानाबद्दल त्यांचं ठाम मत आहे की महिनोन्महिने टिकणाऱ्या आपल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बरोबर असती, तर तो माणूस घरी येऊन नातवंडं खेळवत बसला असता. म्हणून मामा स्वतः शेजारच्या हुमनाबादलाही चाळीस भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन जातात. एकदा त्यांनी गल्लीतले तीन कुत्रे हातगाडीला जुंपले. कुत्र्यांनी गाडी जोमात ओढली, थेट मटणाच्या दुकानापर्यंत. "दिशा चुकली," मामा धापा टाकत म्हणाले, "पण ताकद बघितलाव का?"

या सगळ्याला सगळ्यात मोठ्यानं हसणारा मी. लातूरचा शिकलेला जावई ना!

मामी गेल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी खजुरीजवळच्या एका खेड्यात लग्न होतं. चिटगुप्प्याहून आम्ही बावीसजण टेम्पोनं निघालो. भर दुपारी अवकाळी पाऊस कोसळला. एका ओढ्याच्या उतारावर टेम्पोची चाकं काळ्या मातीत रुतली आणि बघता बघता पाणी पायरीला लागलं. ड्रायव्हर डोक्याला हात लावून बसला. पोरं रडू लागली. बायकोच्या थोरल्या मावशीला साखरेचा आजार, तिला भोवळ यायला लागली. आणि मामा, जे एरवी पोस्टात पाकीट टाकतानाही तीनदा पत्ता तपासतात, ते उठून उभे राहिले.

"सगळे खाली उतरा. सामान ऱ्हाऊ द्या. माणसं तेवढी घ्या."

गाठोडं सुटलं. पहिली भाकरी मावशीला मिळाली, मग पोरांना. माळावर अर्ध्या कोसावर एक देऊळ दिसत होतं. मामांनी दोघादोघांच्या जोड्या लावल्या, मावशीला दोन धडधाकट भाच्यांच्या मधे दिलं आणि स्वतः पुढं होऊन काठीनं चिखल चाचपत निघाले. मी नवे बूट काढायला तयार नव्हतो, म्हणून सगळ्यांच्या मागं. बांधावरून घसरलो, पाय मुरगळला, आणि हाक मारली ती पावसात कुणाला ऐकूच गेली नाही. ओढ्याचा आवाज वाढत होता. लाज सोडून सांगतो, मला रडू आलं.

किती वेळ गेला कोण जाणे. पावसाच्या पडद्यातून धोतर खोचलेली एक आकृती आली.

"जावईबापू! कामून बसलाव हितं?"

"पाय..."

"देवळात मोजलो तर एकवीसच. म्हटलं, असं कसं चालंल?"

सत्तरीचा तो माणूस मला खांद्याचा आधार देऊन देवळापर्यंत घेऊन आला. आत शिरल्यावर त्यांनी पुन्हा एकेकाच्या डोक्यावर बोट ठेवून माणसं मोजली. बावीस भरली तेव्हा कुठं ते खांबाला टेकून बसले. भिजलेलं धोतर पिळायचंही त्यांना सुचलं नाही.

"भ्यालाव का मामा?" मी विचारलं. त्यांच्यासारखं बोललो, ते माझं मलाच नंतर कळलं.

"व्हय की. लई." मग बाहेर बघत म्हणाले, "आता मामी ऱ्हायली असती तर फोनवर फोन केली असती, पोचलाव का म्हणून. ती गेल्यापासून कुटंबी जाऊन आलो तरी कुणी इचारत न्हाई बघा."

पाऊस ओसरल्यावर नवऱ्याकडचा ट्रॅक्टर आला. लग्न थोडं उशिरा, पण थाटात लागलं. मामांनी पंगतीत मला स्वतः वाढलं.

दुसऱ्या दिवशी मी लातूरला आलो, ते चिटगुप्प्याला गेले. संध्याकाळी पाय शेकत बसलो होतो. फोन उचलला आणि त्यांना लावला.

"मामा, पोचलाव का?"

पलीकडून ते म्हणाले, "पोचलो की, बापू. पोचलो."