तांबडीचं दावं

सुरुवातीलाच माफी मागतो. कुत्र्यांविषयी लिहायचा अधिकार मला आहे, असं मला स्वतःलाच वाटत नाही. ज्या ताई वर्षानुवर्षं लातुरात टाकून दिलेली कुत्री सांभाळतात, त्या लिहीत नाहीत. मी त्यांच्या हाताखाली पातेली घासली, कुत्र्यांना औषधं पाजली आणि एक कुत्री माझ्या खोलीवर ठेवून घेतली, एवढंच. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिला. लिहायला बसलो की मागं कुणीतरी उभं राहून, ‘हे तू कशाला सांगायलास?’ असं विचारतंय असं वाटत राहतं. तरी लिहितो, कारण यातली माणसं स्वतःविषयी कधीच बोलणार नाहीत.

मी शिरूर अनंतपाळकडच्या गावातला. बी.ए.ला लातुरात आलो. कॉलेजात समाजकार्याचे तास भरायचे होते. झाडं लावणाऱ्या गटात नाव द्यायला मी उशिरा पोचलो, तोवर जागा संपल्या होत्या. कॉलेजचे सर म्हणाले, “कुत्र्यांकडं जातोस का? तिकडं कुणी जाईना.” मी हो म्हणालो. नाही म्हणायला मला तेव्हा जमत नसे.

शहराबाहेर एका ओळखीच्या माणसाच्या मोकळ्या प्लॉटवर पत्र्याचे दोन आडोसे, एवढीच ती जागा. ताई भूगोलाच्या शिक्षिका. शाळा सुटली की स्कूटीवर पुढं भाताचं पातेलं ठेवून त्या सरळ तिथं यायच्या. पहिल्या दिवशी गेलो तेव्हा त्या शाळेच्याच साडीत खाली मातीत बसून एका कुत्र्याच्या कानातली जखम धूत होत्या. माझ्याकडं वर न बघताच म्हणाल्या, “आलास? धर याचं तोंड. घट्ट नको, आईनं धरल्यासारखं धर.”

मी धरलं. मला वाटलं होतं, त्या आधी नाव विचारतील, कॉलेज विचारतील. त्यांनी ते पुढं कधीतरी विचारलं. लातुरात नळाला पाणी कधी यायचं ते सगळ्यांच्या डोक्यात असतं. ताईंच्या घरी पाणी आलं की पहिला ड्रम कुत्र्यांचा भरायचा, हे मला नंतर त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. सासूबाई त्याच्यावरून टोमणे मारायच्या, “आमची आंघोळ राहिली तरी चालंल, यांच्या लेकरांची राहू नये.” आणि स्वतःच तो ड्रम भरून ठेवायच्या.

तिथली सगळी कुत्री रस्त्यावरची नव्हती. बरीच घरात वाढलेली होती. बदली झाली, पोर झालं, कुत्रं म्हातारं झालं, की कुणीतरी त्यांना फाटकाला बांधून निघून जायचं. तांबडी तशीच आली. अंगानं लॅब्राडोरसारखी, रंगानं विटेसारखी. आम्ही कुत्र्यांना नावं ठेवत नाही, कारण ज्याच्या घरी कुत्रं जाईल त्यानं ठेवावं अशी ताईंची पद्धत. तोवर रंगावरूनच ओळखायचं.

तांबडीला आधी दोन घरं मिळाली होती आणि दोन्ही घरांनी ती परत आणून दिली होती. एका घरी केस गळतात म्हणून, दुसऱ्या घरी लेक बाळंतपणाला येणार म्हणून. परत आली की ती खाणं सोडायची. भिंतीकडं तोंड करून पडायची. दुसऱ्या वेळी तिला सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी ताईंना स्पष्टच सांगितलं, “हिच्या किडन्या आता कमजोर झाल्यात. आणखी एकदा अशी उपाशी राहिली तर मी काही करू शकणार नाही. पुढचं घर शेवटचंच समजा.”

प्लॉटवरच्या गोंधळात ती सुधरत नव्हती. ताईंनी मला विचारलं, “तुझ्या खोलीवर मागं अंगण आहे ना? थोडे दिवस नेतोस?”

माझी खोली रेणापूर नाक्याच्या बाजूला. घरमालक पुण्याला राहतात. मी फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, “ने, पण घाण केली तर तूच काढायची.” गावाकडं आमची कुत्री उंबऱ्याच्या आत कधी आली नाहीत. शिळी भाकर बाहेर टाकायची, खाल्ली तर खाल्ली. तांबडीला मी तसंच अंगणात पोळी टाकून बघितली. तिनं पोळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि परत भिंतीकडं वळली. शेवटी मीच डब्यातलं जेवण ताटात घेऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. मी एक घास खायचा आणि एक तिच्यापुढं धरायचा. पहिले काही दिवस सगळे घास मलाच खावे लागले.

ती जवळ आली ती माझ्या परीक्षेमुळं. मला मोठ्यानं वाचल्याशिवाय पाठ होत नाही. राज्यशास्त्राचे मुद्दे मी घोकत होतो, आणि मधेच पायावर काहीतरी जड वाटलं. तिनं हनुवटी माझ्या पायावर ठेवली होती. मी हललो तर ती उठून जाईल म्हणून तो धडा मी परत पहिल्यापासून वाचला. त्या पेपरला मला चांगले मार्क पडले.

गावाकडं गेलो तेव्हा मायनं एक जुनी घोंगडी दिली. “त्या कुत्रीला घाल खाली, फरशी गार लागत आसंल,” म्हणाली. दावंही घरूनच आणलं होतं, कारण पट्ट्याला ती घाबरायची. सुताच्या मऊ दाव्याला घाबरत नव्हती.

वडलांना आम्ही अण्णा म्हणतो. सोयाबीन विकायला ते मोंढ्यात आले की माझ्या खोलीवर डोकावायचे. पहिल्यांदा तिला आत बघून दारातच थांबले.

“हे काय?”

“कुत्री हाय, अण्णा.”

“ते मलाबी दिसतंय. खोलीत कशाला?”

“आजारी हाय. बरी झाली की कुणीतरी नेणार हाय.”

“तू हितं शिकाया आलास का कुत्री राखाया?”

अण्णांनी चपला काढल्या, आत आले, भाकरीचं फडकं सोडलं आणि जेवायला बसले. अर्धं जेवण झाल्यावर म्हणाले, “हिचे डोळे आपल्या ढवळीसारखे हायत.” ढवळी आमची गाय. त्यानंतर अण्णांनी तिच्याविषयी तक्रार केली नाही. पुढच्या वेळी येताना एका फडक्यात तिच्यासाठी वेगळी भाकर बांधून आणली.

तांबडी अंगानं भरली. ताईंनी तिच्यासाठी खूप घरं नाकारली. एका माणसाला त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “मुलगी बाळंतपणाला येणार आहे का?” तो म्हणाला, “अजून लग्न नाही झालं तिचं.” ताई म्हणाल्या, “मग ते होऊन जाऊ द्या, आणि बाळंतपणही. नंतर या.” शेवटी नांदेडचं एक जोडपं त्यांना पटलं. त्यातले सर बँकेतून निवृत्त झालेले, बाई शाळेतून. मुलं बाहेरगावी. त्यांचं आधीचं कुत्रं त्यांच्याच घरात म्हातारं होऊन गेलं होतं. ताई स्वतः नांदेडला जाऊन त्यांचं घर बघून आल्या.

ज्या दिवशी ते गाडी घेऊन माझ्या खोलीवर आले त्या दिवशी ताईंना शाळेत परीक्षेची ड्युटी होती. त्यांनी फोनवर सांगितलं, “सगळं नीट दे आणि लगेच आत जा. गाडीच्या मागं जाऊ नको.” नेमके अण्णाही मोंढ्यावरून आले होते.

आमच्याकडं गाय किंवा बैल दुसऱ्याच्या घरी गेला तरी त्याचं दावं देत नाहीत. दावं घरात ठेवतात. लक्ष्मी दारातून गेली तरी तिचा पाय घरात राहावा, अशी समजूत आहे. जनावर मोकळंच द्यायचं. अण्णांनी तांबडीला तसंच दिलं. तिच्या पायावर तांब्याभर पाणी ओतलं, ओला हात तिच्या कपाळाला लावला, स्वतःच्या हातानं दावं सोडलं. घोंगडीची घडी घातली आणि दोन्ही आपल्या पिशवीत ठेवलं. सरांनी नवा पट्टा आणला होता. बाई हात जोडून अण्णांना म्हणाल्या, “भाऊ, काळजी करू नका.” अण्णा म्हणाले, “न्हाई करत. आता ती तुमची.”

मला ते बघून भरून आलं. अण्णांनी एका कुत्रीला गायीचा मान दिला होता. त्यात काही चुकलं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दोन दिवसांनी ताईंचा फोन आला. “नांदेडहून फोन होता. ती खात नाहीये. बाथरूमच्या कोपऱ्यात बसून आहे. तिचं अंथरूण दिलंस ना?”

“नाही.”

“दावं?”

“नाही, ताई.” आणि मी त्यांना सगळं सांगितलं, पाण्याचं, दाव्याचं, घोंगडीचं.

मला वाटलं, आता ताई रागावतील. त्या म्हणाल्या, “तुझ्या अण्णांनी तिला लक्ष्मी म्हणून दिली. मी काय बोलणार? पण तिला तिच्या वासाचं काहीतरी लागतं रे. नव्या घरात दुसरं ओळखीचं काय आहे तिला? घोंगडी मागव. धुवायची नाही.”

मी गावाकडं फोन लावला. माय म्हणाली, “आरं, कसला वास यायला होता तिला. सोडा घालून धुतली. वाळत घातलीय बघ, कशी लख्ख झाली.”

मी ताईंना विचारलं, मी स्वतःच नांदेडला जाऊ का? त्या म्हणाल्या, “मुळीच नाही. तू गेलास की ती खाईल. तू निघालास की फाटकाकडं बघत बसेल, आणि मग कधीच खाणार नाही. ज्यानं सांभाळलं त्यानं तोंड दाखवायचं नाही आणि तिकडं फोनही करायचा नाही. सगळ्यात अवघड काम तेच आहे.” मग विचारलं, “तुझं काही न धुतलेलं आहे का?”

होता, एक शर्ट. तिला खायला घालताना मी तोच घालायचो, कारण ती खांद्यावर लाळ गाळायची. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या घरी आपला असा शर्ट पाठवायचा, या विचारानं मला घाम फुटला. मी भीत भीत ताईंना तो दाखवला. त्यांनी वास घेतला, मान मागं घेतली आणि म्हणाल्या, “उत्तम.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच अण्णा दारात. मोंढ्याचा दिवस नव्हता. पिशवीतून त्यांनी दावं काढलं.

“हे बी धाड.”

“पण दावं देत न्हाईत ना, अण्णा?”

“न्हाई देत. लक्ष्मी ऱ्हावी म्हणून ठिवत्यात. तीच तिकडं उपाशी मराया लागली तर दावं ठिवून काय करू? तुझ्या मायनं धुवाया मागितलं होतं, म्या दिलं न्हाई.”

माझ्या आज्ज्यापासून कुणी घरातून दावं बाहेर दिलं नव्हतं. अण्णा ते देण्यासाठी एसटीनं आले होते आणि चहा न घेता परत गेले. मी शर्ट आणि दावं एका पिशवीत बांधलं. ताईंच्या ओळखीचा कंडक्टर अहमदपूरवरून नांदेडला जायचा, त्याच्याकडं ती दिली. त्यानं पिशवी नाकाजवळ नेली. “काय हाय ह्यात?” मी म्हणालो, “औषध.” तो म्हणाला, “हाव, कडूच दिसतंय.”

मग काहीच कळेना. दावं पोचल्याचं सरांनी ताईंना कळवलं, त्यापुढं काही नाही. मी रोज प्लॉटवर जायचो, पातेली घासायचो आणि ताईंच्या चेहऱ्याकडं बघायचो. विचारलं तर त्या म्हणायच्या, “फोन नाही म्हणजे वाईटही नाही. आपण करायचा नाही.” पण भात ढवळताना फोन त्या पदराला पुसून मांडीवर ठेवायच्या. एवढी कुत्री दिली त्यांनी आजवर, तरी त्या या एकीच्या बातमीची वाट पहिल्यांदाच दिल्यासारखी बघत होत्या. माणूस इतकी वर्षं तेच काम करून इतका ताजा कसा राहतो, हे मला अजून समजलेलं नाही.

अण्णांचा फोन रोज यायचा. आधी पिकाचं बोलायचे, मग मायचं, आणि ठेवता ठेवता विचारायचे, “खाल्लं का तिनं?”

“कळलं न्हाई अजून.”

“बरं.”

एकादशी होती. आम्ही कुत्र्यांना भात वाढत होतो, तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. त्यांचे हात भरलेले होते, म्हणून मी फोन स्पीकरवर लावून त्यांच्यापुढं धरला. सर होते.

“मॅडम, तक्रार आहे.”

ताईंचा हात पातेल्यात थांबला. “बोला, सर.”

“उपासाची खिचडी ओट्यावर ठेवली होती. आम्ही दोघं देवापुढं बसलो होतो. तुमच्या कुत्रीनं सगळी खाल्ली. पातेलं चाटून खाली पाडलं. आता दोघंही खरंच उपाशी आहोत.”

मागून बाईंचा आवाज आला, “तिला ओरडलात ते सांगा की.”

“ओरडलो नाही. नुसतं विचारलं. तर ती माझ्या सोफ्यावर जाऊन बसली. माझ्या जागेवर. उठवायला गेलो तर आमची ही मलाच रागावली. घरात आता माझं कुणी ऐकत नाही.”

ताई फोनकडं बघत होत्या. हसायचं का रडायचं, ते त्यांच्या तोंडावर ठरत नव्हतं. त्यांनी आवाज शक्य तेवढा कोरडा करून विचारलं, “मग परत पाठवता का, सर?”

“कुणाला?” सर म्हणाले, “मला?”