कचेरीत पाणी प्यायला येणारी मावशी

नगरपालिकेच्या पायऱ्या चढून आली की ती पदरानं तोंड पुसायची, बाकावर टेकायची आणि म्हणायची, "वाईच पानी द्या बाबा प्यायला. लांबनं आलेय."

बस, एवढंच. तुम्ही कधी अशा कचेरीत बसला असाल तर तुम्हाला ठाऊकच असेल, तक्रार घेऊन येणारा माणूस आधी ओरडतो, मग हात जोडतो आणि शेवटी कुणातरी मोठ्या माणसाची ओळख सांगतो. एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमारास मावळातल्या एका छोट्या नगरपालिकेत मी पाणी खात्याचा कारकून होतो. शिव्या खाणं हेच माझं मुख्य काम. तुंबलेली गटारं, विझलेले दिवे, न आलेलं पाणी, सगळं माझ्याच टेबलावर येऊन आदळायचं. ही बाई मात्र तक्रार म्हणून करायचीच नाही.

पहिल्या दिवशी आमचा म्हातारा शिपाई, त्याला आम्ही सगळे आबा म्हणायचो, तांब्या घेऊन तिच्या पुढ्यात गेला आणि वरून धार धरायला लागला. तिनं ओंजळ पुढं केलीच नाही. हात पदरात तसेच. "पेल्यात द्या की आबा," ती हसून म्हणाली, "मला काय घाई न्हाई." आबा जागच्या जागी चुळबुळला. मग गेला आणि साहेबांच्याच कपाटातला काचेचा पेला घेऊन आला. त्यानंतर तिला पेल्यातच पाणी मिळायचं.

पाणी पिऊन झालं की पेला उजेडात धरायची. "लय निवळ हाय. नळाचं का?"

"हो मावशी."

"व्हय का? बरं हाय बाबा तुमचं." आणि चालायला लागायची.

मला वाटलं, बाई भोळी आहे. भोळी कसली! दोन-चार खेपांत अख्खी कचेरी तिच्या त्या 'नळाचं का'ला खाली मान घालायला लागली. कारण रेल्वे लाइनीच्या खालच्या अंगाला जी बौद्ध वस्ती, तिथली ती. आणि त्या वस्तीला नळ नव्हता.

शेवटी एकदा आमच्या मुख्याधिकारी साहेबांनीच तिला आत बोलावलं. "बाई, तुमच्या वस्तीचा अर्ज आहे आमच्याकडे. पुढच्या वर्षीच्या बजेटात बघू."

"पोर काय बजेट बगून येतंय व्हय साहेब?"

साहेबांना काही उमजेना. मग ती पहिल्यांदा सविस्तर बोलली. वस्तीच्याही खाली, घळीत झरा. आमच्याकडे पाऊस धो धो कोसळतो, पण प्यायचा हंडा भरायला बायकांना तिथंच उतरावं लागायचं. मागच्या श्रावणात वाटेवर शेवाळ धरलेलं. तिची सून भरल्या हंड्यासकट घसरली. सातवा चालू होता. पोर पोटातच गेलं.

"आता परत दिवस गेलेत तिला. हंड्याला हात लावू नको म्हनून सांगितलंय. पर माजं गुडघं सुजल्यालं बगते आन माज्या चोरून झऱ्यावर जाते. तिच्यावर रागवू तरी कशी?" ती गुडघा चोळत म्हणाली, "मी कामाला जाते त्या बंगल्यातल्या गुलाबांना मीच पानी घालते साहेब, रबरी नळीनं. पाऊस धरायच्या आत नळ द्या. मग मी तुमची पायरी चढनार न्हाई."

साहेब म्हणाले, "बघतो." आमच्याकडच्या 'बघतो'चा अर्थ तुम्हाला सांगायला नको.

तिलाही तो कळला असावा. पुढच्या सोमवारी ती आली ती वस्तीतल्या झाडून साऱ्या बायका घेऊन. बाक भरला, व्हरांडा भरला, जिना भरला. कुणी घोषणा दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. ज्या-त्या बाईचं एकच म्हणणं, "वाईच पानी द्या." आता दारात आलेल्या माणसाला पाणी नाही कसं म्हणणार? आबा पेले भरून भरून दमला. माठ संपला, बादली संपली. साहेबांनी घंटी वाजवून पाणी मागवलं तर आबा रिकामा पेला घेऊन उभा! "साहेब, थेंब शिल्लक नाही. आता तुम्ही झऱ्यावर जावा."

मी तोंडावर फाईल धरली. साहेब लालबुंद झाले, जिन्यावरच्या गर्दीकडे बघत राहिले आणि मग अहो, खदखदून हसले! त्याच आठवड्यात पाइप मंजूर झाले. चर खणायला मजूर नाहीत अशी मेख निघाली, तेव्हा वस्तीतल्या रेल्वे गँगमननी रविवारी पहारी घेऊन तो आपणच खणला.

बाई शब्दाची पक्की. नळ आल्यावर ती कचेरीकडे फिरकली नाही. दिवाळीच्या आधी सुनेला मुलगी झाली, तेव्हा पेढे घेऊन मुलगाच आला. आबा मात्र कितीतरी दिवस मला विचारायचा, "मावशी नाही आली का हो?" मलाही करमायचं नाही, खोटं कशाला सांगू.

पण मनात राहिलाय तो नळ सुटला तो दिवस. जेठ महिना, विहारासमोर मांडव. नगराध्यक्षांनी नारळ फोडला. मावशीनं सुनेला पुढं ओढलं. "तांब्याच भर. हंडा न्हाई." सुनेनं तांब्या भरला आणि बायकांनी टाळ्या पिटल्या. वस्तीतली पोरं नळाखाली घुसली. एक नागडं पोर तर चिखलात बसून पाण्यावर थापट्या मारायला लागलं.

मी थट्टेनं म्हटलं, "काय मावशी, आता कशाला याल आमच्याकडे!"

ती हसली. मग त्या पोराकडे बघता बघता तिचं हसू गेलं. "भाऊ," ती हळूच म्हणाली, "आमचं असतं तर आता रांगत आलं असतं हितवर."

तिनं त्या चिखलातल्या पोराला उचललं, नळाखाली धरून स्वच्छ धुतलं आणि आपल्या पदरानं पुसत पुसत त्याच्या आईकडे नेऊन दिलं.