बेंजोवाल्याची गिटार

काशिरामकाका माझे घरमालक. बेलपाड्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी दोन वर्षं राहतो. मराठी घेऊन एम. ए. केलं. आता पुस्तकांची मुद्रितं तपासतो आणि उरलेल्या वेळात मित्रांच्या बँडमध्ये गिटार वाजवतो.

एका दुपारी काका दारात येऊन उभे राहिले.

"स्वानंद, रोज येकाच जागेवर अडकतोस. खाली सत्यवती बोलली, आता हा पडनार. आनि तू पडलास."

सत्यवती ही त्यांची बायको. काकूंचं चुकलं नव्हतं. आमच्या बँडचा ऱ्हिदम गिटार, म्हणजे ठेका धरणारी गिटार, वाजवणारा मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला होता, म्हणून त्याचा भाग मी शिकत होतो. गाणं आमचंच, पण बाज सदर्न रॉकचा, अमेरिकेच्या दक्षिणेकडचा. तीन कॉर्डची एक छोटी ओळ पुन्हा पुन्हा येते. तिला रिफ म्हणतात. तिच्या मध्येच अर्ध्या मात्रेची मोकळी जागा आहे. तिथे आवाज बंद व्हायला हवा आणि पुढचा ठोका वेळेवर पडायला हवा. माझा उशिरा पडायचा.

काकांनी गिटार मागून घेतली. पंचवीस वर्षं ते गावोगावच्या हळदीत बेंजो वाजवत. बेंजोला टाइपरायटरसारखी बटणं असतात. डावा हात बटणांवर, उजव्या हाताने तारा छेडायच्या. मग हळदीत डीजे आले. पैशाची अडचण नव्हती, खोल्यांचं भाडं येतं. पण चार माणसांत बसून वाजवणं संपलं.

त्यांनी मोकळ्या तारा छेडायला सुरुवात केली. डावा हात नुसता मांडीवर होता. एकट्या उजव्या हाताने त्यांनी माझ्या खोलीत नाच उभा केला. मी ऐकतच राहिलो.

"काका, आमच्यात वाजवाल?"

"या वयात?" ते म्हणाले. "कदी यायचा?"

तालीम कामोठ्यात, रुचिराच्या आईच्या क्लासमध्ये, दुपारी मुलं नसताना. रुचिरा ड्रम्स वाजवते. केतन बेस वाजवतो आणि गातो. काकांनी तीन कॉर्ड पंधरा दिवसांत बसवल्या. घोडं अडलं ते मोकळ्या जागेवर. ते ती भरून टाकत. हळदीत गाणारी श्वास घेते तेव्हा बेंजोने जागा भरायची असते. नाही भरली तर नाचणारे ओरडतात.

"काका, इथे थांबायचं," केतन म्हणायचा.

"थांबलो तर लोक बोलतील, लाइट गेली."

रुचिरा हसायची. केतन हसत नसे. खारघरच्या एका कॉलेजातला कार्यक्रम बारा दिवसांवर आला होता. त्याने मला बाजूला घेतलं. "रविवारपर्यंत नाही जमलं तर ऱ्हिदम लॅपटॉपवरून सोडू."

क्लासची खोली ती केवढी. काकांनी ऐकलं. परतताना रिक्षात एवढंच म्हणाले, "पयला डीजे, आता लॅपटॉप."

मी त्यांना उजवा हात रोखायला शिकवत राहिलो. हात रोखला की त्यांची लय तुटायची आणि पुढचा ठोका उशिरा पडायचा. थेट माझ्यासारखा. मी त्यांना माझी चूक शिकवत होतो, हे माझ्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी त्यांच्या स्वयंपाकघरात गिटार घेऊन बसलो होतो. काकू भाकऱ्या थापत होत्या. बराच वेळ ऐकून म्हणाल्या, "चालीस वरसांत हा मानूस मना गप बसवता आला नाय, तू त्याचा हात काय गप करशील? दुसऱ्या हाताला सांग."

काकांनी गिटार सावरून घेतली. मग त्यांनी उजवा हात चालू ठेवला आणि डाव्या हाताची बोटं न उचलता तारांवरचा फक्त दाब सोडला. सूर मेला. नुसता सुका 'चक' आला. पुढचा ठोका बरोबर जागेवर पडला. बेंजोचं बटण सोडलं तर तार मोकळी वाजते, म्हणून इतके दिवस हे त्यांच्या हाताला सुचलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा वाजवलं. दहा वेळा वाजवलं. मग गिटार माझ्याकडे दिली. "आता तू."

इतक्या दिवसांत जमलं नव्हतं ते मला त्या तासाभरात जमलं. त्यांचे आभार मानायचे होते. भाषेचा पदवीधर मी, मनातल्या मनात वाक्य तपासत बसलो.

"जेव आता," काकू म्हणाल्या.

रविवारी केतनने लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला. रुचिराने चार मोजले. काका सहा मिनिटं रिफ वाजवत राहिले. मोकळी जागा प्रत्येक वेळी मोकळी राहिली. त्या जागेतून रुचिराचा ड्रम पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला. केतन दुसरं कडवं गायचं विसरला.

गाणं संपलं. त्याने लॅपटॉप मिटून पिशवीत टाकला.

"काका, कार्यक्रम झाल्यावरही याल ना? अजून चार गाणी आहेत."

"हलदीच्या तारका बगून सांगतो," काका म्हणाले.

मी राहायला आल्यापासून त्यांना एकही हळद आलेली नव्हती. हे केतनलाही ठाऊक होतं.

"तुमच्या तारखा आधी," तो म्हणाला. "आम्ही आमचं मागेपुढे करू."