कोंडिबा मिस्त्रींचा नाला

कोंडिबा मिस्त्री पहिल्यांदा आमच्या दारात आले ते गुन्हा कबूल करायला. रविवारची सकाळ होती, मी ओट्यावर दाढी करत बसलो होतो. फाटकाबाहेर एक उंच, वाळलेला माणूस उभा होता. डोक्याला मळका पटका, खांद्यावर कुदळ.

"साहेब, हे घर बांधताना खालच्या पाइपाचं काम म्याच केलतं," ते म्हणाले. "गलत केलं. दुरुस्त करायला आलोय. मजुरी नगं."

चिकलठाण्याकडे कारखाने उभे राहिले, तशी आम्हा नोकरदारांची वसाहत एका नाल्याच्या काठाने भराभर वाढली. मी एका कारखान्याच्या भांडारात कारकून होतो. आमच्या ठेकेदाराने संडासाच्या टाक्या नावापुरत्या बांधल्या, शोषखड्डे खणलेच नाहीत आणि प्रत्येक टाकीतून एक पाइप जमिनीखालून थेट नाल्यात सोडला. ते सगळे पाइप मिस्त्रींच्या हातचे. पुढे नाल्याच्या खालच्या अंगाला मजुरांची वस्ती होती, बहुतेक घरं बौद्धांची. त्यांची विहीर नाल्याला लागूनच. त्या विहिरीचा कठडा बांधायला मिस्त्री गेले तेव्हा गयाबाई नावाच्या बाईने त्यांना प्यायला पाणी दिलं. ते तिने लांबच्या नळावरून डोक्यावर आणलेलं होतं. विहीर जवळ असताना एवढ्या लांब कशाला, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "हिरीचं पाणी पिऊन माझी लेक काविळीनं गेली. वरून काय येतंय, कुणाला ठावं."

"मला ठावं व्हतं," मिस्त्री मला सांगत. "तिचा तांब्या हातात व्हता अन् मला ठावं व्हतं."

त्यानंतर आठवडाभर ठेकेदाराचं काम आणि रविवार नाल्याचा, असा त्यांनी नेम धरला. जो घरमालक हो म्हणेल त्याच्या अंगणात ते शोषखड्डा खणायचे, दगड-विटांचे तुकडे भरायचे आणि मग नाल्यात उतरून त्याचा पाइप सिमेंटने बुजवायचे. माझा खड्डा पहिला. दुसऱ्या रविवारी मीही फावडं घेऊन निघालो. हळूहळू दोन शिक्षक, एक पोस्टमन, वस्तीतून गयाबाई आणि तिचे दोन भाऊ असे आम्ही जमलो. आम्ही कारखान्यातले जुने गमबूट घालून नाल्यात उतरत असू. मिस्त्री मात्र चपला काढून काठावर ठेवत आणि अनवाणी उतरत. असं का, म्हटल्यावर म्हणाले, "आमच्याकडं मेंढरं राखायचे. वाहत्या पाण्यात चपला घालून गेलं की बाप शिव्या द्यायचा. सवय हाय, दुसरं काय."

ते देवगाव रंगारीकडचे. बोलणं कमी. जे बोलत ते गवंडीकामातलं. कुणी "पुढच्या रविवारी बघू" म्हटलं की त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "पुढं बघू म्हंजे उतार नसलेली नाली. तुंबणारच." आणि घरमालक खालच्या वस्तीबद्दल नाक मुरडू लागला की, "पाण्याला फकस्त उतार कळतो, साहेब. दुसरं काय बी इचारत नाय."

पण काम पुढे सरकेना. आम्ही महिनाभरात दोन पाइप बुजवावेत, तर वरच्या अंगाला चार नवी घरं उठून चार नवे पाइप नाल्यात येत. अर्ज घेऊन आम्ही तीन कचेऱ्या फिरलो. एकीत म्हणाले, नाला आमच्या हद्दीत नाही. दुसरीत म्हणाले, नाला आहे, पण घाण आमची नाही. तिसरीत साहेब रजेवर होते, आणि आम्ही जेव्हा जाऊ तेव्हा ते रजेवरच असत. बाहेर बाकावर बसून मिस्त्री म्हणाले, "कागुद पाझरत नाय, साहेब. खणलेलंच खरं."

मग विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटला. गावोगावहून जाळपोळीच्या बातम्या येऊ लागल्या. खालची वस्ती मोर्चाला जाऊ लागली आणि आमच्या वसाहतीत माणसं ओट्यावर बसून हळू आवाजात बोलू लागली. कोपऱ्यावरच्या वकीलसाहेबांनी एकदा मला वाटेत थांबवलं. "तुम्ही कुणासाठी घाण उपसताय, याचा जरा विचार करा," ते म्हणाले. त्या रविवारी शिक्षक आले नाहीत. पुढच्या रविवारी पोस्टमन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मी गेलो नाही.

मिस्त्री दारात आले. मी आतूनच सांगितलं, बरं वाटत नाही. ते म्हणाले, "तुमची कुदळ तरी द्या. माझ्या कुदळीचा दांडा मोडलाय." मी कुंपणावरून कुदळ दिली आणि घरात आलो. त्यांनी टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं. पण दांडा खरंच मोडला होता.

त्यानंतर ते एकटेच येत; गयाबाई आणि तिच्या भावांचे रविवार मोर्चात जात. दोन महिन्यांनी त्यांनी वकीलसाहेबांचा पाइप बुजवला, परवानगीशिवाय. खड्ड्यासाठी ते पाच वेळा त्या दाराशी जाऊन आले होते. बाग खराब होते म्हणून वकीलसाहेबांनी प्रत्येक वेळी नकार दिला होता. पाइप बुजवल्यावर चौथ्या दिवशी सगळी घाण वर येऊन गुलाबाच्या ताटव्यात पसरली. पोलीस आले.

"कुणी बुजवला?" फौजदाराने विचारलं.

"म्या," मिस्त्री म्हणाले. "बसवला बी म्याच व्हता. तवा कुणी इचारलं नाय."

फौजदार हसला. "मग उघडणार पण तूच."

त्यांनी सगळ्यांसमोर छिन्नी-हातोडा घेऊन तो पाइप उघडला. मी वरून बघत होतो, गयाबाई खालच्या पुलावरून बघत होती. मिस्त्रींनी घाई केली नाही, पाइपाला तडा जाऊ दिला नाही. सिमेंटचं बूच निघाल्यावर काळं पाणी त्यांच्या गुडघ्यांवर आलं. ते बाजूला झाले नाहीत. माझ्या तोंडून तेव्हा एक शब्द निघाला असता तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. तो निघाला नाही, एवढं माहीत आहे.

ठेकेदारांनी त्यांना काम देणं बंद केलं. ते गावी निघून गेले.

बऱ्याच वर्षांनी, विद्यापीठाचा नामविस्तार होऊन गेल्यावर, आमच्या वसाहतीत एकदाची ड्रेनेजची लाईन आली. रस्ते खणले गेले, घराघराचे पाइप तिला जोडले आणि नाल्यात येणारं पाणी थांबलं. मला इतका आनंद झाला की मी एस.टी.ने देवगाव रंगारीला गेलो. मिस्त्री घरासमोर बाजेवर बसले होते, खूप थकलेले. मी सगळं सांगितलं. गयाबाईची विहीर उपसून साफ करायचं ठरतंय, तेही सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं.

"लई चांगलं झालं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "लाईन सोडली कुठं?"

मला माहीत नव्हतं. विचारावं असं मला सुचलंही नव्हतं.

परत आल्यावर मी रस्त्यातली ड्रेनेजची झाकणं मोजत लाईनीमागे चालत गेलो. वस्ती ओलांडून, दोन शेतं ओलांडून ती सुखना नदीत उघडत होती. एवढा मोठा पाइप की मी वाकून आत शिरलो असतो. नदीत गुरं उभी होती.

हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावं, या विचारात मी दोन-तीन महिने घालवले. तेवढ्यात ते गेल्याचा निरोप आला.

लाईन सोडली कुठं, या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आता मी दर महिन्याला कागदावर लिहून कचेरीत देऊन येतो. परवा तिथल्या नव्या कारकुनाने शिक्का मारता मारता विचारलं, "काका, तुमचं घर तिथं नदीकाठी आहे का?" मी नाही म्हणालो. "मग हे कुणासाठी?" तो म्हणाला.